कपाटाचं कपट : धाकटीच्या लिहिण्याच्या प्रकल्प नोंदी

११ जून

ऑफिसात प्रत्येक कामाची नोंदवही ठेवावी लागते, म्हणून घरच्या या कामाचीही ठेवतोय. बायको म्हणाली, "पोरगी म्हणजे काय प्रोजेक्ट आहे का?" पोरगी नाही, प्रोजेक्ट मी आहे. थोरल्याच्या वेळी जे केलं ते पुन्हा करायचं नाही, आणि माझा स्वभाव मला माहीत आहे. लिहून ठेवलं नाही तर 'या वेळी वेगळं करतोय' असं म्हणत म्हणतच तेच करीन.

थोरला चार वर्षांचा असताना ठिपके जोडून अक्षरं गिरवायची पुस्तकं आणली होती. रोज एक पान, पान झालं की चांदणी. आता तो नऊ वर्षांचा आहे आणि अक्षर बरं आहे त्याचं. पण वही उघडली की पहिला प्रश्न ठरलेला, "किती ओळी लिहायच्या?" कुणी सांगितल्याशिवाय त्यानं एक ओळ लिहिल्याचं मला आठवत नाही. चांदण्या मात्र तेव्हा शंभरावर जमल्या होत्या.

धाकटी पावणेपाच वर्षांची आहे. मोजमाप एकच ठेवलंय : कुणी न सांगता, स्वतःहून किती वेळा लिहिलं. आजचा आकडा शून्य.

नियम : गिरवायची पुस्तकं नाहीत. दिवसाला दहा मिनिटांच्या वर नाही. खोडरबर तिच्याकडे, माझ्याकडे नाही.

१३ जून

आधी हात काय करू शकतो ते पाहिलं. मी आकार काढायचा, तिनं बघून काढायचा. उभी रेघ, आडवी रेघ, गोल, अधिकची खूण : सगळं सहज. चौकोन जमला, एक कोपरा गोलावला. फुली काढताना दुसरी रेघ वळून उभी झाली. त्रिकोण काढताना तिसरी बाजू कुठून आणायची ते कळेना, शेवटी "हा डोंगर आहे" म्हणून सोडून दिला.

हे वयाला धरूनच आहे. मुलांना गोल साधारण तिसऱ्या वर्षाच्या आसपास जमतो, अधिक चौथ्याच्या, चौकोन साडेचार-पाचला. तिरकी रेघ सगळ्यात उशिरा येते, म्हणून त्रिकोणही उशिरा.

मग वर्णमाला घेऊन बसलो आणि तिरक्या रेघेची अक्षरं वेगळी काढली. 'र' तिरक्या पायावर उभा आहे, आणि 'स' नि 'ख' या दोघांच्या पोटात 'र' आहे. उलट ग, म, भ, न या चौघांना उजवीकडे सरळ काना, डावीकडे छोटासा आकडा किंवा गाठ, तिरकं फारसं काही नाही. अ-आ-इ-ई ऐवजी 'ग म भ न' नं सुरुवात का करतात याचं उत्तर मला चाळिशीत मिळालं. 'अ' हे अक्षर म्हणून पहिलं असेल, हाताला ते बरंच अवघड आहे.

१६ जून

पेन्सिल धरण्याची पद्धत : सगळी बोटं वरून, पेन्सिल तळहाताखाली, मनगट हवेत. हात धरून बोटं 'नीट' बसवायचा मोह झाला. थोरल्याचा हात मी असाच धरायचो. सोडला की दोन सेकंदांत बोटं मूळ जागी.

या वेळी लांब पेन्सिली उचलून ठेवल्या. खडू आणि मेणखडू मोडून दोन-अडीच सेंटीमीटरचे तुकडे केले. एवढ्याशा तुकड्याला मूठ बसतच नाही, टोकाशी दोन-तीन बोटांचीच जागा उरते. काही सांगावं लागलं नाही. मेणखडू मुद्दाम मोडले म्हणून थोरला मात्र हळहळला.

दुसरं म्हणजे भिंतीवर, तिच्या डोळ्यांच्या उंचीला मोठा कागद चिकटवला. उभ्या पृष्ठभागावर काढताना मनगट आपोआप मागं वळतं, आणि लिहिताना ते तसंच लागतं. खांद्यालाही काम मिळतं. बोटांच्या ताकदीसाठी कपड्यांचे चिमटे, मातीचा गोळा, कागद फाडणं आणि झाडांवर पाणी मारायची फवारणीची बाटली. बाटली सगळ्यात यशस्वी. घरातली एक उशी ओली.

२० जून

आजी (म्हणजे माझी आई) बराच वेळ बघत होती. शेवटी म्हणाली, "अरे, पोरगी डावखुरी आहे. आत्ताच उजव्या हाताची सवय लाव, मागून जड जाईल."

"आई, तिचा चमचा डावा, चेंडू डावा, दात घासणं डावं. पेन्सिलच कशी उजवी होईल?"

"तुझ्या आत्याला लावली होती."

"आणि आत्याचं अक्षर?"

आई हसली. आत्याचं पत्र वाचायला घरात दोन माणसं लागायची.

दहातला साधारण एक माणूस डावखुरा असतो. हात बदलायचा नाही, कागद बदलायचा : कागद शरीराच्या मध्यापासून थोडा डावीकडे आणि घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं तिरका, म्हणजे वरची उजवी बाजू खाली झुकलेली. पेन्सिल टोकापासून जरा वर धरायची, म्हणजे लिहिलेलं बोटांखालून दिसतं. तसं नसेल तर डावखुरी मुलं मनगट आकड्यासारखं वर वळवून लिहायला लागतात, आणि ते मग सुटत नाही.

आणखी एक गोष्ट आज लक्षात आली, तिच्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. लिहायच्या प्रत्येक वहीत नमुन्याचं अक्षर डाव्या कडेला असतं. धाकटीचा हात लिहायला टेकला की नेमकं तेच झाकलं जातं. म्हणजे ती बघून लिहीत नव्हती, आठवून लिहीत होती, आणि मी म्हणत होतो 'समोर असून दिसत नाही का'. आजपासून नमुना ओळीच्या वर किंवा उजवीकडे.

२ जुलै

खरखरीत अक्षरं केली. कल्पना मारिया माँटेसोरींची. १९०७ मध्ये रोममध्ये त्यांचं पहिलं बालगृह सुरू झालं, आणि पुढे पॉलिश पेपरातून कापलेली अक्षरं बोटांनी फिरवून लिहिण्याची तयारी करायची ही त्यांच्या पद्धतीची ओळखच झाली. बोट फिरवत आवाज म्हणायचा, डोळे मिटूनही ओळखायचं.

माझी पहिली आवृत्ती ८० नंबरच्या पॉलिश पेपरची. "टोचतंय," म्हणून तिनं हात मागं घेतला. २२० नंबरचा आणला, तो ठीक आहे. नंबर जितका मोठा तितका कागद मऊ, हे सुताराच्या पोराला समजलं असतं.

७ जुलै

'न' उलटा झालाय. पॉलिश पेपरच्या मागच्या बाजूला अक्षर काढून कापलं, त्यामुळे पुढून त्याचा आरसा झाला. पाच दिवस ती तो उलटा 'न' इमानेइतबारे गिरवत होती, आणि मी रोज शेजारी बसून "शाब्बास" म्हणत होतो. थोरल्यानं दाखवलं. मागून काढायचं असेल तर उलटं काढावं लागतं, किंवा सरळ पुढून काढावं. नवा 'न' केला. जुना ती टाकू देत नाही. तो "मागे बघणारा न" आहे.

९ जुलै

'भ' मी स्वतः कुठून सुरू करतो हे मला सांगता आलं नाही. चाळीस वर्षं लिहितोय. कागदावर हळू लिहून पाहिला तर हात वेगळंच करायला लागला. चालताना पावलांकडे बघितलं की अडखळतो तसं.

मुलीचं असं की 'ग' चा काना ती खालून वर काढते आणि मग आकड्याकडे उडी मारते. दिसायला 'ग'च दिसतो, पण प्रत्येक वेळी नव्या वाटेनं गेलं तर हाताला सवय कधी लागणार? सगळी वळणं शिकवण्यापेक्षा दोनच गोष्टी पक्क्या केल्या : वरून खाली, डावीकडून उजवीकडे. सुरुवातीच्या जागी एक हिरवा ठिपका. शिरोरेषा सगळ्यात शेवटी, पूर्ण शब्दावर एकच. शब्द संपला की रेघ तुटते, त्यामुळे दोन शब्दांत जागा सोडायची वेगळी शिकवणी लागत नाही.

२५ जुलै

थोरल्याच्या एकरेघी वहीत तिनं 'गग नन मम' लिहिलं. सगळी अक्षरं रेघेवर बसवलेली, पक्षी तारेवर बसावेत तशी. तिची चूक नाही. थोरल्याच्या इंग्रजी वहीत ती रोज हेच बघते. रोमन अक्षरं रेघेवर उभी राहतात, आपली रेघेला लोंबतात.

सांगून कळेना. मग खोलीत दोरी बांधली, जाड कागदाची अक्षरं कापली आणि चिमट्यांनी दोरीवर वाळत घातली. "दोरी म्हणजे शिरोरेषा." दहा मिनिटांचं काम पाऊण तास चाललं. तिनंच अक्षरं लावली, काढली, परत लावली. नियमभंग झाला, पण चिमट्यांचा व्यायाम फुकटात.

३ ऑगस्ट

"आज नाही." बरं.

५ ऑगस्ट

आजही नाही. खुर्चीवर बसवून पाहिलं तेव्हा लक्षात आलं, पाय लोंबकळताहेत आणि टेबल छातीला लागतंय. मला असं बसवलं तर मीही नाही म्हणेन. पायाखाली जुन्या जाडजूड पुस्तकांचा ठोकळा केला, बुडाखाली उशी (फवारणीतून वाचलेली). पाय टेकले, कोपर टेबलाच्या पातळीला. तरी नाहीच. मग दहा दिवस सुट्टी जाहीर केली, दोघांना.

१४ ऑगस्ट

पहिली नोंदणीयोग्य घटना.

मी फोनवर होतो. ती कागद घेऊन आली. वर लांबलचक आडवी रेघ, रेघेला खाली लोंबणारी वेडीवाकडी वळणं, मध्येमध्ये एखादा 'ग', एखादा उलटा 'न'. अक्षर म्हणून बाकी काहीच नाही. "वाच," म्हणाली. "तूच वाच." तिनं रेघेवरून बोट फिरवत वाचलं, "बाबा, फोन ठेव."

शिरोरेषा आहे, दिशा डावीकडून उजवीकडे आहे, मजकूर आहे, ज्याच्यासाठी लिहिला तो माणूसही आहे. अक्षरं तेवढी यायची आहेत. आकडा : १. फोन ठेवला.

२८ ऑगस्ट

स्वतःचं नाव. तीन अक्षरी, मधल्या अक्षराला पहिली वेलांटी. नाव इथं देत नाही, पण अडचण सगळ्या 'पहिल्या वेलांटी'वाल्यांची एकच. बोलताना आधी व्यंजन ऐकू येतं, मग 'इ'. लिहिताना वेलांटी आधी, व्यंजन मागून. तिनं ऐकू आलं त्या क्रमानं लिहिलं : आधी व्यंजन, मग त्याच्या उजवीकडे वेलांटी. म्हणजे दुसरी झाली.

मी म्हटलं, "तुझं कानानं बरोबर आहे. लिपीच इथं उलटी चालते." हे तिला पटलं की नाही माहीत नाही, पण नंतर आजीला सांगत होती, "पहिल्या वेलांटीला घाई असते, ती आधीच येऊन बसते."

गंमत म्हणजे मोबाइलवर लिहिताना आधी व्यंजनच दाबावं लागतं, मग वेलांटी. आणि पडद्यावर ती उडी मारून मागं जाऊन बसते. हे तिला दहा वेळा करून दाखवावं लागलं.

१२ सप्टेंबर

आज मी माती केली. तपशिलात लिहून ठेवतो.

संध्याकाळी टेबलावर चिठ्ठी होती : 'मल बहर जयच'. मला बाहेर जायचं. स्वतःहून लिहिलेली, एका दमात, तीन शब्द, तीन शिरोरेषा. मी काय केलं? पेन घेतलं, खाली सुंदर अक्षरात 'मला बाहेर जायचं' लिहिलं, आणि गेलेल्या प्रत्येक कान्या-मात्रेखाली छोटी खूण केली. लाल पेन जवळ होतं म्हणून लाल. वर म्हणालो, "छान लिहिलंस, फक्त हे बघ, इथं काना हवा."

तिनं चिठ्ठी बघितली. मग माझ्याकडे बघितलं. "पण आपण जायचं का?"

बाहेर जायचं राहूनच गेलं होतं. चिठ्ठी तिनं चुरगळली नाही, नीट घडी घालून कचऱ्याच्या डब्यात टाकली. ते जास्त लागलं.

१५ सप्टेंबर

लिहिणं बंद. आकडा ९ वर अडकलाय.

या तीन दिवसांत वाचून काढलं, ते पुढच्या वेळी हात आवरायला उपयोगी पडेल म्हणून टिपतो. चार्ल्स रीड यांनी १९७१ मध्ये शाळेत जायच्या आधीच्या इंग्रजीभाषक मुलांनी मनानं केलेली स्पेलिंगं तपासली. त्यांना दिसलं की चुका अंदाधुंद नसतात, मुलं खरोखर ऐकून लिहितात. 'ट्रक'च्या सुरुवातीला काही मुलं 'च'चा आवाज लिहीत होती, आणि तोंडात घोळवून बघितलं तर ते खोटं नाही.

धाकटीचंही तसंच. म, ल, ब, ह, र, ज, य, च : बाराखडी न येणाऱ्या मुलीनं तीन शब्दांतलं एकही व्यंजन सोडलेलं नाही, क्रमही चुकवला नाही. सुटले ते फक्त स्वर, आणि आपल्या लिपीत स्वर म्हणजे व्यंजनाच्या अंगावरची खूण. खुणा नंतर येतात. मी आठपैकी आठ बरोबर असलेल्या पेपरावर लाल पेन चालवलं.

दुसरं, कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांचा २०१२ चा अभ्यास. वाचता न येणाऱ्या पाचेक वर्षांच्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे दिली : हातानं मोकळी लिहून, ठिपक्यांवरून गिरवून, कळ दाबून. मग तीच अक्षरं दाखवत मेंदूचं स्कॅनिंग केलं. वाचनाशी संबंधित भाग हातानं मोकळं लिहिलेल्या अक्षरांना जसा प्रतिसाद देत होता, तसा गिरवलेल्यांना किंवा कळ दाबलेल्यांना देत नव्हता. मोकळं लिहिलेलं अक्षर दर वेळी थोडं वेगळं, थोडं वाकडं येतं, आणि तरी ते 'ग'च असतं. हेच बहुधा शिकायचं असतं. थोरल्याच्या शंभर चांदण्या आठवल्या.

२३ सप्टेंबर

अकरा दिवस झाले. आज थोरल्यानं बुटांच्या खोक्याला चीर पाडून दाराला टांगलं. बाहेर लिहिलंय 'टपालपेटी. सगळ्यांनसाठी.' ('सगळ्यांसाठी' हवं. काहीही बोललो नाही. लिहून ठेवतोय, कारण न बोलण्यालाही कष्ट पडतात.)

आत धाकटीसाठी त्याची चिठ्ठी होती : 'माझा मेणखडू तू घेतलास का. हो / नाही. गोल कर.' तिनं 'नाही'ला गोल केला. मेणखडू तिच्या खिशात होता.

हे त्याला कुणीही सांगितलं नव्हतं. त्याच्या नावाचं वेगळं पान उघडतो. थोरला : १.

२६ सप्टेंबर

नवा नियम : चिठ्ठीला उत्तर चिठ्ठीनंच, आणि उत्तरात तिचाच शब्द बरोबर लिहून वापरायचा. चुकीकडे बोट नाही.

तिची : 'बब कध यणर'. माझी : 'बाबा सहा वाजता येणार.' ती माझी चिठ्ठी वाचते (अर्धी अंदाजानं), शब्द ओळखते, कारण तो तिनंच लिहिलेला असतो. 'बाबा'वर बराच वेळ बोट ठेवून होती.

४ ऑक्टोबर

आजीचा चष्मा हरवला. शोधाशोध झाली. तासाभरानं टपालपेटीत चिठ्ठी, आजीच्या नावानं : 'अज चशम कपट वर'.

आजीनं डोळे बारीक करून मोठ्यानं वाचलं, "आजी, चष्मा, कपट वर?... माझं कुठलं कपट वर आलं गं बाई!"

सगळे हसलो. धाकटीला कळेना. आजीनं तिला मांडीवर घेऊन सांगितलं की 'कपट' म्हणजे मनात एक, बाहेर दुसरं. "मग कपाट कसं लिहायचं?" आजीनं काही न बोलता 'प'च्या शेजारी एक उभी रेघ ओढली. फक्त एक रेघ.

धाकटी त्या रेघेकडे बघतच राहिली. मी चार महिने हिरवे ठिपके आणि पॉलिश पेपर घेऊन बसलो होतो. काना कशासाठी असतो हे तिला पहिल्यांदा आज कळलं, आणि ते सांगायला लाल पेन लागलं नाही.

५ ऑक्टोबर

सकाळपासून एकच खेळ. शब्दाला काना दिला की काय होतं?

मन – मान. घर – घार. तर – तार. वर – वार. कम – काम. गर – गार.

ज्यांचा अर्थ लागत नाही त्यांवर ती जास्त हसते. 'बस'चं 'बास' झालं. 'दद' ला एक काना दिला तर 'दाद', दोन दिले तर 'दादा'. मग मागचा हिशोब निघाला : मागच्या आठवड्यातली 'दद चर' ही चिठ्ठी. 'चर'ला काना दिला, 'चार' झालं. "चार नाही, चोर!" म्हणून ती चिडली. कान्यावर एक मात्रा. मेणखडू कुणाच्या खिशात होता हे विचारलं नाही.

११ ऑक्टोबर

शाळेतून रोज एक पान 'अ' आलाय. बाईंना भेटलो. "बाई, ती डावखुरी आहे, नमुना उजवीकडे लिहून दिलात तर तिला दिसेल." बाईंनी पान हातात घेऊन, डावा हात ठेवून बघितलं. "खरंच की. माझ्या वर्गात अजून दोघं आहेत." त्या दिवसापासून तिघांचाही नमुना उजवीकडे. पान पूर्ण न करता तीन चांगले 'अ' काढून त्यातल्या सगळ्यात चांगल्याला गोल करायचा, हेही त्यांनी मान्य केलं. गोल तिनंच करायचा.

१९ ऑक्टोबर

पकड बघितली. तीन नाही, चार बोटं पेन्सिलीवर आहेत. बोटं हलताहेत, हात दुखत नाही, अक्षर वाचता येतंय. तीन बोटांची पकड आदर्श म्हणून सांगतात, पण चार बोटांचीही कामाची असते. सोडून दिलं.

४ नोव्हेंबर

आकडे. ३ लिहायला सांगितला की ६ येतो, ६ सांगितला की ३. आजीला वाटलं डाव्या हातामुळे. तसं नाही, उजव्या हाताची मुलंही उलटं लिहितात, सहा-सात वर्षांपर्यंत ते सर्रास चालतं. कप डावीकडे वळवला तरी कपच, खुर्ची उलटी केली तरी खुर्चीच, हे डोळ्यांनी एवढी वर्षं शिकलेलं असतं. अक्षरं आणि आकडे येतात आणि म्हणतात, आता तोंड कुठं आहे ते बघ.

आपले ३ आणि ६ तर जवळजवळ एकमेकांचे आरसेच. मी ३६ लिहिला. "बघ, दोघांचं भांडण आहे, पाठीला पाठ लावून बसलेत." म्हणून तर छत्तीसचा आकडा म्हणतात. मग ६३ : समोरासमोर, गट्टी. तिनं मागच्या पानावर स्वतःच्या आणि थोरल्याच्या नावात ३६ लिहिला. ३ बरोबर, ६ बरोबर. दुपारी तो खोडून ६३ केला होता.

१८ नोव्हेंबर

"दोन ल कसे?" मोबाइलवरचा 'ल' वेगळा आणि बाईंचा वेगळा. तिचं बरोबर आहे. बऱ्याच फॉन्टमध्ये 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे असतात. मराठीत प्रमाण धरतात तो पाकळीचा 'ल' आणि देठाचा 'श'. वाचायला दोन्ही, लिहायला पाकळीचा. तिला पाकळी आवडली.

१० डिसेंबर

आकडा ५८. थोरला : २१. त्याच्या चिठ्ठ्या लांब होत चालल्यात. "किती ओळी" हा प्रश्न शाळेच्या वहीपुरता उरलाय, तो तिथं अजून आहे.

७ जानेवारी

आजीनं बाराखडी म्हणायला सुरुवात केलीय, क का कि की, ताल धरून. मी आधी नाक मुरडलं होतं. पण काना आणि मात्रा कशाला हव्यात हे एकदा कळल्यावर हीच घोकंपट्टी यादीसारखी वापरात येते : 'कु' अडला की ती पहिल्यापासून म्हणत येते आणि 'कु'वर थांबते. सगळं पाठ झालं पाहिजे अशी घाई नाही. प्रत्येक व्यंजनाची बारा रूपं, तीसेक व्यंजनं, चारशेच्या घरात आकार होतात. सोनाली नाग यांनी २००७ मध्ये कन्नड वाचणाऱ्या मुलांवर केलेल्या अभ्यासातही दिसलं होतं की अशा लिप्यांची सगळी अक्षरं पक्की व्हायला प्राथमिक शाळेची बरीच वर्षं जातात. पाच वर्षांच्या मुलीकडून जानेवारीत 'कृ' कशाला मागायचा?

जोडाक्षरं अजून नाहीत. 'चष्मा' अजून 'चशमा'च आहे, पण शेवटचा काना आलाय.

८ फेब्रुवारी

टपालपेटीत घडी घातलेली चिठ्ठी, चिकटपट्टीनं चारही बाजूंनी बंद. वर लिहिलंय : 'दादासाठि. बाबा उघडु नको.'

पाचही काने जागेवर. दोन शिरोरेषा थोड्या तिरक्या, उजवीकडे चढत गेलेल्या. शब्दाच्या शेवटी वेलांटी आणि उकार दीर्घ हवेत, म्हणजे 'साठी' आणि 'उघडू'. पहिल्या वेलांटीला अजून घाई आहे.

आत काय आहे ते माहीत नाही, त्यामुळे ही कितवी धरायची, एक की दोन, ठरवता येत नाही. आकड्याचा रकाना रिकामा ठेवलाय. चिठ्ठी थोरल्याच्या उशीखाली ठेवली.